पवनचक्की प्रकल्पाला स्थानिकांचा पाठिंबा कसा मिळवायचा?

जागा पक्की करून मग सभा घेतली, तर लोक भांडायलाच येणार. आधी जा, आणि नकाशावरच्या दोन-तीन चक्क्या हलवायची खरंच तयारी ठेवा. खरा सल पैशाचा असतो: जमीनमालकाला भाडं, शेजाऱ्याला नुसता आवाज आणि घरात फिरणारी पात्यांची सावली. डेन्मार्कने 2009 पासून साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्रकल्पाच्या मालकीतला किमान 20 टक्के हिस्सा विकत घ्यायला देऊ करणं बंधनकारक केलं होतं (पुढे ही पद्धत बदलली). तिथल्या साम्सो बेटावरच्या 11 चक्क्या तर शेतकऱ्यांच्या आणि सहकारी गटांच्याच. सावलीच्या ठरावीक वेळी चक्की थांबवता येते, ते लेखी द्या. माहितीपत्रकं छापण्यापेक्षा लोकांना चालू चक्कीजवळ नेऊन आवाज ऐकवा, तोही वाऱ्याच्या दिवशी.