टाईप १ मधुमेह असलेल्या ११ वर्षांच्या मुलीचं लिव्हर वाढलंय, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ३००च्या वर आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) १२. लिव्हर कायमचं खराब झालं का?

बहुतेक नाही, या चित्रात पहिला संशय ग्लायकोजेनिक हेपॅटोपॅथीचा, म्हणजे लिव्हरमध्ये ग्लायकोजेन (साखरेचं साठवणीचं रूप) जास्त साचल्याचा घ्यायचा, आणि साखर नीट आटोक्यात आली की काही आठवड्यांत लिव्हर सहसा पूर्ववत होतं. साखर वाढलेली असताना ग्लुकोज इन्सुलिनशिवायही लिव्हरच्या पेशींत शिरतं. मग वाढलेली साखर उतरवायला मोठा डोस दिला की तेच इन्सुलिन त्या ग्लुकोजचं ग्लायकोजेन करून आत साठवतं. डोस चुकवणं आणि नंतर एकदम भरपूर देणं, हे चक्र महिनोन्‌महिने चाललं की लिव्हर फुगतं. सोबत उंची खुंटली, वयात येणं लांबलं, तर त्याला मोरिॲक सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर पिएर मोरिॲक यांनी १९३०मध्ये त्याचं वर्णन केलं. सोनोग्राफीत हे फॅटी लिव्हरसारखंच दिसतं, त्यामुळे रिपोर्टमधल्या त्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. लिव्हरचं काम नीट चाललंय का ते दाखवणाऱ्या बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर या तपासण्या साधारणपणे नॉर्मल येतात, हा दिलासा. इन्सुलिन स्वतःहून कमी मात्र करू नका, उपाय तोच आहे: बेसल (दिवसभर पुरणारा) डोस रोज, जेवणाआधीचा कर्बोदकं मोजून, आणि मोठ्या माणसाच्या देखत. टोचण्याच्या जागी गाठी झाल्यात का तेही चाचपून बघा, तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

पण हे निदान इतर कारणं वगळूनच करतात. हिपॅटायटिस बी-सी, ऑटोइम्यून हिपॅटायटिस (प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटणं), सीलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) आणि विल्सनच्या (लिव्हरमध्ये तांबं साचण्याच्या) आजाराच्या तपासण्या आधी हव्यात. साखर सुधारूनही दोन-तीन महिन्यांत एसजीपीटी उतरलं नाही, तर बायॉप्सीचा (लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा) प्रश्न येतो. कावीळ किंवा गुंगी दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.