रेशन फुकट असताना घरात अन्न कमी पडतं का, हे सर्वेक्षणात कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रकल्पासाठी गावातल्या पन्नास घरांत अन्नाची टंचाई मोजायची आहे, पण रेशन तर सगळ्यांना फुकट मिळतं, मग मोजायचं काय आणि विचारायचं कोणाला. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारू नका, निदान एकट्या त्याला तरी नकोच. घरटी एक फॉर्म आणि तो कुटुंबप्रमुखाकडून भरून घ्यायचा, ही पद्धत केवळ सोयीची म्हणून टिकली आहे. अन्नाच्या बाबतीत तिच्यातून खोटं चित्र येतं.

आता रेशन. ते सगळ्यांना नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने महाराष्ट्रात ग्रामीण भागातली ७६.३२ टक्के आणि शहरी भागातली ४५.३४ टक्के लोकसंख्या धरली, तीही २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर लग्नं झाली, पोरं झाली, भाऊ वेगळे निघाले. आकडा तिथेच थांबला. म्हणून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत 'इष्टांक शिल्लक नाही', म्हणजे ठरलेल्या कोट्यात जागा नाही, हे उत्तर मिळतं. प्राधान्य गटासाठी उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. ४४ हजार म्हणजे अख्ख्या घराचे दिवसाला १२० रुपये. अंत्योदयला, म्हणजे सगळ्यांत गरीब घरांना, महिन्याला घरटी ३५ किलो धान्य, प्राधान्याला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट.

पण ५ किलोला ३० ने भागा. दिवसाला १६७ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या आहारात धान्य २५० ग्रॅम आणि डाळी वगैरे ८५ ग्रॅम धरल्या आहेत. दिवसभर घमेली उचलणाऱ्याला तेवढ्याने होत नाही. म्हणजे रेशनमधून धान्य दोन तृतीयांश आणि डाळीच्या नावाने शून्य. तेल, दूध, भाजी, गॅस सगळं मजुरीतून.

बिगारी कामावर जाणारं पाच जणांचं घर धरा: सासू, नवरा, बायको, दोन मुलं. कार्डावर नावं तीनच. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, धाकट्याचं घातलेलंच नाही. २५ ऐवजी १५ किलो. मोठ्यांना दिवसाला ४०० ग्रॅम आणि मुलांना २५० धरलं तरी घराला रोज १.७ किलो धान्य लागतं. १५ किलो नऊ दिवसांत संपतं. तुमच्या पन्नासांत असं घर नक्की सापडेल, म्हणून 'रेशन मिळतं का?' या प्रश्नावर थांबू नका. रेशन दुकानात अंगठा घेऊन धान्य देतात त्या ई-पॉस मशिनची पावती मागा, त्यावरची माणसं मोजा आणि चुलीवर जेवणारी माणसं मोजा. कार्डावर पेनाने लिहिलेलं नाव मशिनला दिसत नाही, ऑनलाइन नोंद लागते. त्यासाठी आधी माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग तो आधार आणि लग्नाच्या पुराव्यासह सासरच्या पुरवठा शाखेत द्यायचा. दोन तालुक्यांच्या फेऱ्या, दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि राहून जातं. शिवाय सिमेंटात काम करून बोटं झिजतात, मग अंगठा उठत नाही. हेही लिहून घ्या.

टंचाई घरात क्रमाने शिरते आणि तो क्रम ओळखता आला पाहिजे. आधी चहातलं दूध जातं. मग आमटी पातळ होते, तेल दहा रुपयांच्या पुडीवर येतं. मग भाजी जाऊन चटणी. मग शेजारून उसनं पीठ. मग भाकऱ्या मोजून. सहा भाकऱ्यांचं पीठ निघालं, तर दोन नवऱ्याच्या डब्यात, एक सासूला, एकेक मुलांना, उरलेली तिची. धाकट्याने अजून मागितली की तिच्यातली अर्धी जाते, आणि ती पातेलं खरवडून, वर पाणी पिऊन उठते. नवऱ्याला हे दिसत नाही, कारण तो तेव्हा कामावर असतो किंवा जेवून उठलेला असतो. त्याला विचारलंत तर तो मनापासून सांगेल, 'आमच्यात कोणी उपाशी राहत नाही.' तो खोटं बोलत नसतो. फॉर्मवर मात्र ते घर सुरक्षित ठरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, पुरुषांत २५ टक्क्यांना. हा फरक एकट्या अन्नाचा नाही, पाळी आणि बाळंतपणंही त्यात आहेत. पण ताटाचा वाटा त्यात नाही असं कोणी म्हणू नये.

प्रश्नावली स्वतः बनवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची आठ प्रश्नांची तयार आहे: काळजी वाटली का, पौष्टिक खाता आलं नाही का, तेच तेच खावं लागलं का, एखादं जेवण टाळलं का, हवं त्याहून कमी खाल्लं का, घरातलं संपलं का, भूक असून खाल्लं नाही का, पूर्ण दिवस उपाशी गेला का. प्रत्येक प्रश्नाच्या आधी 'पैसे किंवा दुसरं साधन नसल्यामुळे' हे शब्द आलेच पाहिजेत. सर्वेक्षक तीन घरांनंतर कंटाळून ते गाळतात आणि तिथेच घोळ होतो, कारण आपल्याकडे उपवास असतात. 'पूर्ण दिवस जेवला नाहीत असं झालं?' असं नुसतं विचारलं की चतुर्थी धरणारी बाई 'हो' म्हणते. उलटही होतं. पीठ कमी असलं की 'आज माझा गुरुवार आहे' म्हणून ती ताटावर बसत नाही आणि तुम्हालाही 'उपवास' एवढंच सांगते. म्हणून पुढे विचारा, उपवासाला काय खाल्लंत? भगर किंवा साबुदाणा आणला असेल तर उपवास. नुसता चहा असेल आणि असे गुरुवार महिन्याच्या शेवटी वाढत असतील, तर ती टंचाई आहे.

दुसरा घोळ 'भागतं' या शब्दाचा. पुरतं का विचारलं की 'भागतं' असं उत्तर येतं आणि सर्वेक्षक 'हो' लिहितो. 'भागवता कसं?' असं विचारा, मग उधारी, उसनवारी, गहाण सगळं बाहेर येतं. आणि बारा महिन्यांचं विचारा. दिवाळीनंतर जाऊन मागच्या महिन्याचं विचारलंत तर कोरडवाहू गावात आकडा हमखास कमी येणार. आषाढ-श्रावणात काय होतं, नागपंचमीला घरात काय होतं, असं सणाला बांधून विचारलं की आठवतं.

प्रत्येकाचे 'हो' मोजून शून्य ते आठ गुण येतील. तेवढेच मांडा. 'मध्यम', 'तीव्र' अशी टक्केवारी काढायला वेगळं सांख्यिकी गणित लागतं, पन्नास घरांवर ते पेलत नाही. गुणांशेजारी कार्डाचा प्रकार, जमीन, जात, एकल बाई आहे का, हे रकाने ठेवा. पालावर राहणाऱ्यांकडे पत्त्याचा पुरावा नसतो म्हणून कार्डही नसतं, आणि गावाच्या यादीत ती घरंही नसतात. त्यांना मुद्दाम गाठा.

काही गोष्टी राहिल्या. पुरुष कधीच कमी खात नाहीत असं नाही. शहरात खोलीवर राहून गावी पैसे धाडणारे एकवेळ जेवतात. म्हातारे तर नवरा-बायको दोघांच्याही उत्तरांतून सुटतात. बाईला वेगळं विचारताना सासूसमोर बसवू नका, आणि तिचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवू नका, त्रास तिला होतो. १९६७ हा रेशन तक्रारीचा नंबर जवळ ठेवा, लोक विचारतात.

तुमचे मार्गदर्शक म्हणतील की घरटी दोघांना विचारलं तर काम दुप्पट होतं. होतं. मग पन्नासाची पंचवीस घरं करा आणि प्रत्येक घरात दोघांना वेगवेगळं विचारा.