वाचकांचे प्रश्न : शेरीफला इथून कसं कळवायचं?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आयोवा राज्यात, गावाबाहेरच्या घरात एकटा राहतो. दोन दिवस फोन उचलला नाही तर तिथल्या शेरीफला कळवता येईल का? की मुंबईच्या नगरपालांसारखं ते नुसतं मानाचं पद आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जरूर कळवा. मुंबईच्या नगरपालांकडे पोलिसी अधिकार नसतात. आयोवाच्या 99 काउंट्यांतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) प्रत्येक शेरीफ मात्र 4 वर्षांसाठी निवडून आलेला असतो आणि गस्त, काउंटीचा तुरुंग, समन्स बजावणं ही सगळी कामं त्याच्याकडे असतात. खुशाली पाहून येणं हेही त्याच्या डेप्युटींचं, म्हणजे हाताखालच्या अधिकाऱ्यांचं, रोजचं काम. ‘वेल्फेअर चेक’ एवढा शब्द उच्चारलात की पुरे.

इथून 911 फिरवलं तर ते अमेरिकेत लागत नाही. काउंटीच्या शेरीफचा दहा आकडी नंबर आजच शोधून, आधी 001 लावून लिहून ठेवा. फोन कुणाला करायचा यात लोक हमखास चुकतात, कारण पत्त्यात गावाचं नाव असलं तरी घर गावाच्या हद्दीबाहेर असू शकतं. म्हणून मुलालाच काउंटीचं नाव विचारा. घर हद्दीत असेल आणि गावाला स्वतःचे पोलीस असतील, तर फोन त्यांना करायचा.

पूर्ण नाव, जन्मतारीख, घरक्रमांकासह पत्ता, गाडीचा रंग आणि नंबर, शेवटचं बोलणं कधी झालं, आजार, औषधं, घरात कुत्रा आहे का, हे सगळं एका कागदावर हवं. वेळ सांगताना तिथली सांगा. आयोवा उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा तास मागे असतं. काळजीचं कारण नेमकं सांगा. ‘रोज बोलतो, मधुमेह आहे, परवापासून उत्तर नाही’ असं सांगितलं तर निकड लगेच कळते. डेप्युटी दार वाजवतो, गाडी आहे का पाहतो, शेजारी विचारतो. जिवाला धोका असल्याचं सबळ कारण नसेल तर दार फोडत नाही. अंतरं मोठी आणि रात्री डेप्युटी मोजके, त्यामुळे तासभरही लागू शकतो. मुलगा सज्ञान आहे. त्याची इच्छा नसेल तर ‘सुखरूप आहे’ एवढंच तुम्हाला कळेल.

प्रश्न : ‘ज्युरी ड्युटी (कोर्टात पंच म्हणून बसण्याचं काम) चुकवलीस, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाने दंड भर’ असा शेरीफच्या नावाने मुलीला फोन आला. ती एच-1बी व्हिसावर आहे.

उत्तर : फसवणूक आहे. ज्युरीवर फक्त अमेरिकी नागरिक बसतात, आणि कुठलाही शेरीफ गिफ्ट कार्डावर दंड घेत नाही. स्क्रीनवर कचेरीचा खरा नंबर दिसला तरी फोन ठेवायचा आणि तोच नंबर स्वतः लावून विचारायचं.