लशीच्या केसमध्ये वकिलाला तिसरा हिस्सा? सही करू नका

ताई, फ्लूच्या लशीनंतर तुमच्या यजमानांना गिलन-बारे (नसांचा आजार) झाला आणि वकील भरपाईतला तिसरा हिस्सा मागतोय, हे वाचून राहवलं नाही. लशीनंतर माझा खांदा दुखावला, त्या केसमध्ये हेच घडलं. अर्ज कसा, कुठे वगैरे तुम्ही शोधलं असेलच, ते सोडते. आणि मी वकील नाही, हे आधीच सांगते.

अमेरिकेच्या १९८६च्या लस-भरपाई कायद्यात सरळ लिहिलंय की कोर्ट मंजूर करेल त्या फीवर वकिलाने अशिलाकडून एक सेंटही जास्त घ्यायचा नाही. भरपाई वेगळी, फी वेगळी. दोन्ही निघतात लशीवरच्या करातून जमलेल्या फंडातून (डोसमागे, प्रत्येक रोगाचे ७५ सेंट). हरलात तरी फी मिळू शकते, फक्त केस प्रामाणिकपणे केलेली हवी आणि तिला वाजवी आधार हवा. २०१३मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तर मुदतीनंतर आलेल्या अर्जालाही या अटींवर फी मिळू शकते म्हटलंय. मग तिसरा हिस्सा कसला?

मी गेले ते ऑफिस (नाव घेत नाही) गाडीच्या अपघातांच्या केसेस घेणारं. कराराचा छापील कागद पुढे सरकवला, ३३ टक्के. मी कायद्यातलं कलम दाखवलं तर म्हणे, "आमचं सगळ्यांना हेच असतं." करारावर सही केली नाही, पण रेकॉर्ड मागवायच्या परवानगीवर त्यांनी घेतली, आणि लस दिल्याचा फार्मसीचा मूळ कागदही ठेवून घेतला. लस कुठल्या हातावर दिली ते त्यावरच, 'डावा दंड' असं लिहिलेलं होतं. पुढे फोन केला की एकच उत्तर: रिव्ह्यू चालू आहे. शेवटी दोन ओळींचं पत्र, केस घेता येणार नाही. फाइल परत आली, तो कागद नाही! इथे पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांची मुदत पळत असते. या ऑफिसांना लोकांच्या वेळेची काडीची किंमत नाही.

पुढच्या वकीलबाई लशीच्या केसेस चालतात त्या फेडरल क्लेम्स कोर्टातल्या मुरलेल्या निघाल्या. त्यांनी सांगितलं, मुदत संपत आली म्हणून घाईने टाकलेल्या केसला ती घाई 'वाजवी आधार' ठरत नाही, २०१७मध्ये फेडरल सर्किटनेच (त्यावरचं अपील कोर्ट) तसं म्हटलंय. आधार म्हणजे कागद. म्हणून जाणकार वकील रेकॉर्ड बघितल्याशिवाय हो म्हणत नाहीत. त्याचा राग मानू नका, त्यांची फीही त्यावरच अवलंबून असते. नवख्या वकिलाला हा कायदा शिकण्यात घालवलेल्या तासांचे पैसे स्पेशल मास्टर (या केसेसचा निकाल देणारे कोर्टाचे अधिकारी) सहसा देत नाहीत. मग असा वकील तुमच्या खिशाकडे बघतो, असं माझं मत.

वकील तुमच्याच राज्यातला हवा असं नाही, यादी कोर्टाच्या वेबसाइटवर आहे. रेकॉर्डच्या कॉपी, टपाल, फाइलिंग फी यांच्या पावत्या जपा, तो खर्चही मागता येतो. कोविडच्या लशीचं मात्र खातंच वेगळं: मुदत एक वर्ष, वकिलाची फी नाही.

आणि यजमानांचा पहिला ईआरचा (इमर्जन्सी रूमचा) कागद काढून बघा. फ्लू लस आणि गिलन-बारेसाठी या कायद्याच्या लस-इजा तक्त्यात लशीपासून पहिल्या लक्षणापर्यंत ३ ते ४२ दिवस धरलेत. मुंग्या कधीपासून, ते तिथे काय लिहिलंय?