बडोद्यात फार्मा कंपनीच्या कॉर्पोरेट ऑफिसात काम कसं असतं?

बी.फार्म. करून प्लँटच्या क्यूसीत (औषधाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) आहात आणि आता रेग्युलेटरी विभागाची ऑफर आलीय, जावं का, असा तुमचा प्रश्न. माझं मत, जा. फक्त 'ऑफिस म्हणजे निवांत' ही समजूत दांडिया बाजारातच ठेवून जा.

औषध कुठल्याही देशात विकायचं तर तिथल्या नियामकाची परवानगी लागते. त्यासाठीचं डॉसिअर, म्हणजे औषधाच्या माहितीची सगळी फाईल, रेग्युलेटरीचे लोक तयार करतात. सीटीडी (कॉमन टेक्निकल डॉक्युमेंट) नावाचा ठरलेला साचा, त्यात 5 मॉड्यूल, म्हणजे भाग. पहिलं त्या त्या देशापुरतं, तिसरं गुणवत्तेचं. जेनेरिक कंपनीत बराचसा घाम या तिसऱ्यावरच गळतो, कारण प्रत्येक आकडा प्लँटच्या कागदाशी जुळला पाहिजे. स्टेबिलिटीचा (औषध किती काळ टिकतं याचा) तक्ता बघून 'इथे काहीतरी गडबड आहे' हे तुम्हाला चटकन कळेल; थेट कॉलेजातून आलेल्याला नाही कळत. आणि परदेशी नियामकाच्या शंका आल्या की त्या दिवाळी-उत्तरायण बघत नाहीत!

फार्माकोव्हिजिलन्सवाल्यांचं, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्यांचं, तर आणखी कडक. गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम 15 दिवसांत कळवायचा, रविवार-सुट्ट्या धरून.

भाषेची काळजी नको. कागद इंग्रजीत, डबा उघडला की गुजराती, आणि 1907 पासून अलेम्बिक ही औषध कंपनी असलेल्या या गावात फार्मातला एखादा मराठी काका निघतोच.

मुलाखतीत एवढं नक्की विचारा: डॉसिअर तुमची टीम लिहिते की बाहेरचा सल्लागार? नुसत्या फायली अपलोड करायच्या असतील तर दोन पैसे जास्त मिळाले तरी मी प्लँटमध्येच थांबेन.