असेंबल केलेला पीसी शटडाउन करताना अडकतो, पंखे चालूच राहतात. काय तपासू?

रीस्टार्ट नीट होतं का? होत असेल तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपवर (पीसी लवकर चालू व्हावा म्हणून असलेली सोय) माझा पहिला संशय. त्यात शटडाउन पूर्ण होतच नाही. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर्स (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि एखादा ड्रायव्हर तिथेच घोळ घालतो. रीस्टार्टमध्ये ही भानगड नसते. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक करा. तसा नीट बंद झाला, तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप कायमचं काढून टाका. एसएसडी असेल तर चालू होण्याच्या वेगात फारसा फरक जाणवणारही नाही.

रीस्टार्टही अडकत असेल तर माउस-कीबोर्ड सोडून बाकी यूएसबी काढून बघा, मग चिपसेट (मदरबोर्डचा) ड्रायव्हर अपडेट करा, शेवटी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर). दुकानदार एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदला म्हणेल. एवढ्यात पैसे घालवू नका.