'मर्चंट ऑफ व्हेनिस' शिकवताना शायलॉकचे प्रसंग गाळावेत का?

पालक तक्रार करतील म्हणून शायलॉक या ज्यू सावकाराचे कडू प्रसंग वगळून शेक्सपिअरचं हे नाटक शिकवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी तेच करून पस्तावलोय, म्हणून सांगतो: वगळू नका. पहिल्या वर्षी मी चौथ्या अंकातलं शायलॉकचं सक्तीचं धर्मांतर दोन वाक्यांत उरकलं आणि नायिका पोर्शियाच्या दयेवरच्या भाषणाला अख्खा तास दिला. परीक्षेत निम्म्या वर्गाने लिहिलं, 'शेवटी दयेचा विजय होतो.' चूक पोरांची नव्हती.

आता खटल्याचा प्रवेश (कर्ज न फेडलेल्या अँटोनिओ या व्यापाऱ्याच्या अंगातलं पौंडभर मांस शायलॉक मागतो आणि पोर्शिया वकिलाच्या वेशात येते, तो) आळीपाळीने मोठ्याने वाचून घेतो. हातात पेन्सिल, काम एकच: शायलॉकला कुणी नुसतं 'ज्यू' म्हटलं की त्याखाली रेघ मारायची. पोर्शिया त्याला नाव विचारते, तो सांगतो, तरी थोड्या वेळाने तीच म्हणते, 'थांब, ज्यू.' पानभर रेघा दिसल्या की वर्गातली चुळबुळ थांबते. मग अँटोनिओची अट येते, ख्रिस्ती हो. शायलॉक म्हणतो, मान्य आहे, बरं वाटत नाही, जाऊ द्या. पाचव्या अंकात तो दिसतच नाही. तिथे चांदणं, संगीत आणि अंगठ्यांची थट्टा. एका मुलीने विचारलं होतं, "सर, इथे आपण हसायचं का?" तो तास मी पुढे काहीच शिकवलं नाही.

पार्श्वभूमी दहा मिनिटांत होते. इंग्लंडने ज्यूंना 1290 मध्ये हाकललं होतं. त्यानंतर तीनशे वर्षांनी आलेल्या या नाटकाच्या प्रेक्षकांना ज्यू माहीत होता तो बहुतेक ऐकीव. आणि 1943 मध्ये नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नात हेच नाटक ज्यूद्वेषासाठी वापरलं गेलं, हेही सांगाच. 'ज्यूला डोळे नसतात का?' हे भाषण शेवट तोडून पाठ करायला देतात, तसं करू नका. ते सूडावर संपतं, आणि सूड आम्ही तुमच्याकडूनच शिकलो असं त्याचं म्हणणं आहे.

एक पथ्य मात्र पाळा. वर्गात ज्यू मूल असेल तर 'तुला काय वाटतं?' म्हणून सगळ्यांदेखत त्याच्याकडे वळू नका. त्याला बोलायचं असेल तेव्हा ते बोलेल.

वेळ कमी पडला तर शायलॉकचा नोकर लॉन्सलॉट याचे विनोद खुशाल गाळा. पोर्शियाला मागणी घालायला आलेल्या मोरोक्कोच्या राजपुत्राचा प्रवेश ठेवा. तो गेल्यावर पोर्शिया त्याच्या कातडीच्या रंगाच्या लोकांबद्दल एक ओळ बोलते. ती फळ्यावर दयेच्या भाषणाशेजारी लिहा आणि बाजूला व्हा.